रविवारसाठी आणलेला टब

विहीणबाई,

टब तिथेच आहे. स्वयंपाकघरामागे कपडे वाळत घालायची जागा आहे ना, तिथे वॉशिंग मशीनला टेकवून उभा ठेवलाय. बाजूचं दुकानाचं लेबल अजून तसंच आहे. ते काढायचं काम तुम्ही घेतलं होतं. माझी नखं कामानं झिजलेली म्हणून स्वतःची नखं दाखवून म्हणालात, "आय विल डू.” गुरुवारी सकाळी आपण दोघी तो आणायला गेलो आणि दुपारी मी एकटीच तो घेऊन घरी आले. मधे काय झालं ते सगळे मला समजावून सांगतात. मी मान हलवते. कळत मात्र नाही.

लिहायची मला सवय नाही. चौथीपर्यंत शिकले, तेही अर्धवट. पण बोलायला गेलं की माझा आवाज घशातच राहतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. कागदावर निदान कोणी माझ्या तोंडाकडे बघत नाही.

आज रविवार आहे. तुमची हॅना आणि माझा निखिल तुम्हाला निरोप द्यायला गेलेत. आपल्या नातीला, जाईला ताप आहे म्हणून मी तिच्याजवळ थांबलेय. ती झोपलीय. घरात पंख्याचा आवाज आहे आणि तुमची दुसरी चप्पल दाराबाहेर आहे. मी ती आत घेत नाही. बाहेर चप्पल असली की माणूस आत असतं.

गुरुवारचं सांगते. तुम्ही तिथे होतात, तरी सांगते, कारण तुम्हाला तरी ते माहीत आहे की नाही कोण जाणे.

टब घेऊन आपण तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या त्या मोठ्या शेडमध्ये बसलो. पंख्याखालचं टेबल तुम्हीच शोधलंत. टब टेबलाखाली, आपल्या पायांच्या मधे. चहावाल्या चिनी काकांनी दोन चहा आणून ठेवले. तुम्ही हात मांडीवर ठेवलेत, डोळे मिटलेत आणि मान खाली घातलीत.

हे तुमचं नेहमीचंच. जेवण असो की साधं बिस्कीट, तोंडात घालण्याआधी तुमची अशी प्रार्थना व्हायची. ओठसुद्धा हलायचे नाहीत. पहिल्यांदा तुम्ही आमच्याकडे जेवलात तेव्हा मी वाढतच सुटले होते आणि हॅनानं माझा हात धरला होता. "आई, थांबा. ममाचं चाललंय.” तेव्हापासून मी थांबते. तुमचं झाल्याशिवाय मी घोट घेत नाही.

त्या दिवशीही थांबले. जरा लांबलंय असं वाटलं. टब मिळाला, रविवार ठरला, म्हणून आज देवाशी बोलायला जास्त असेल, असं मनात आलं. मीही डोळे मिटले, माझ्या देवीचं नाव घेतलं. उघडले तरी तुमचं चालूच होतं. चहावर साय धरली. काका फडकं घेऊन टेबलं पुसत आले. तुमच्याकडे बघून म्हणाले, "आंटी, युअर फ्रेंड ओके ऑर नॉट?”

मी ओठांवर बोट ठेवलं. म्हटलं, "प्रेइंग.”

मी त्यांना गप्प केलं, विहीणबाई. ते बिचारे ओशाळून पुढे गेले. पलीकडच्या टेबलावरून पुन्हा वळून त्यांनी पाहिलं आणि मग फडकं तिथेच टाकून धावत आले.

नोव्हेनाच्या हॉस्पिटलात डॉक्टर निखिलला म्हणाले, एका क्षणात झालंय, आरडाओरड केली असती तरी काही फरक पडला नसता. निखिलनं मला तेच सांगितलं. हॅनानं सांगितलं. नर्सनं माझा दंड धरून सांगितलं. मी विश्वास ठेवते. पण तेव्हापासून माझं बोट सारखं ओठांवर जातं. मी ते खाली घेते, ते पुन्हा जातं.

तुम्ही माणूस म्हणून पहिल्यांदा मला दिसलात त्या पुण्यातल्या लग्नात. त्याआधी फोनवर फक्त चेहरा होता. मुलगा सिंगापूरला नोकरीला गेला आणि तिथल्या शाळेत शिकवणारी अमेरिकन मुलगी पसंत करून बसला, एवढंच मला माहीत. आमच्या वन्सं लग्नाच्या कारभारी. त्यांनी हॅनाकरवी तुम्हाला सगळं समजावलं होतं. मुलीच्या आईनं वरमाईचे पाय धुवायचे. कोमट पाणी, थोडं दूध, मग कुंकू, मग साडी. मला वाटलं, परदेशी बाई, हे ऐकून चिडेल. पण हॅना म्हणाली, ममाला इतका आनंद झाला की ती रडली.

मी खुर्चीवर बसले, शालू गोळा करून. तुम्ही खाली गुडघ्यांवर बसलात. वन्संनी नुसतं पाणी ओतायला सांगितलं होतं. तुम्ही मात्र माझी टाच हातात घेतलीत, तळव्यावरून हात फिरवलात, बोटांच्या मधे पुसलंत. माझ्या आईनंतर माझ्या पायाला असा हात कोणी लावला नव्हता. मला इतकं लाजल्यासारखं झालं की मी पाय मागे घेतले. तुम्ही उठलात आणि माझ्या गालाचा मुका घेतलात. फोटोग्राफर हसला.

इथवर ठीक होतं. मग तुम्ही शेजारच्या खुर्चीवर बसलात, पायमोजे काढलेत, झगा गुडघ्यापर्यंत घेतलात आणि आपले पाय परातीत ठेवलेत. आणि माझ्याकडे बघून हसत बसलात.

सगळ्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग कुणीतरी फिसकन हसलं. वन्सं म्हणाल्या, "अगं बाई, ही तर पाय सोडून बसली! सांगा कोणीतरी तिला, मुलीची आई आहेस म्हणावं.”

"राहू दे, थकली असेल,” दुसरी कोणी म्हणाली.

"थकली तर तिकडे खोलीत बसवा. परात उचला.”

परात उचलली. मी उभी होते, माझ्या साडीची कड ओली, आणि काय करावं ते मला सुचेना. तुमचा चेहरा लाल झाला. तुम्ही ओल्या पायांवरच मोजे चढवलेत. ते चढेनात, तरी ओढत राहिलात.

ते मोजे माझ्या डोळ्यांपुढून गेले नाहीत. निखिलचे बाबा गेल्यावर मी इकडे सिंगापूरला, निखिलच्या सेंगकांगच्या घरी राहायला आले, तेव्हा एकदा भाजी निवडताना मी हॅनाला विचारलं. ती हसता हसता थांबली. म्हणाली, "आई, आमच्यात पाय धुतात. चर्चमध्ये. पण एकीनं धुतले की दुसरी तिचे धुते. दोघी-दोघींची जोडी असते. ममाला वाटलं, तुमच्यातही तसंच.”

मेनोनाइट हा शब्द मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकला. तुमचा पंथ. शपथ घ्यायची नाही, लढाईला जायचं नाही, दागिना नाही, आणि वर्षातून दोनदा एकमेकींचे पाय धुवायचे. ज्याचे पाय धुतले ते वरचं आणि ज्यानं धुतले ते खालचं, असं तुमच्यात नाही. नंतर तुम्ही मला विचारलंही होतंत, "तुम्ही मला विहीणबाई म्हणता, मी तुम्हाला विहीणबाई म्हणायचं. मग वरची कोण?” मी हसले होते.

तुम्ही वर्षाआड यायचात. येताना चहासाठी बिस्किटं आणि त्या 'पहिली’च्या गोष्टी आणायचात. तुमच्या घराण्यातली अमेरिकेत आलेली पहिली बाई. तिथेही तेव्हा इंग्रजांचंच राज्य होतं. जर्मन मुलखातून जहाजानं आली, नवऱ्याबरोबर जंगल तोडून शेत केलं, घर बांधलं. नवऱ्याचं नाव ख्रिस्तियान, ते सगळीकडे आहे, कारण जमीन त्याच्या नावावर. तिला सगळे ख्रिस्तियानची बायको म्हणतात. तिच्या कबरीवर साधा दगड आहे, नाव नाही. तुमचे यजमान गेल्यापासून तुम्ही तिचं नाव शोधत होतात. म्हाताऱ्या चुलत बहिणींना गाठत होतात, शेतं पालथी घालत होतात.

मी म्हटलं होतं, "बाईचं नाव कुठलं सापडतंय? माझंही नाही सापडणार.” मग सांगितलं की माहेरची मी हौसा. लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळावर अंगठीनं सुमन लिहिलं, त्या दिवसापासून सुमन.

हॅनानं ते इंग्रजीत सांगितल्यावर तुम्ही चमचा खाली ठेवलात. "पहिलं नावसुद्धा? तुम्हाला विचारलं होतं का?”

"विचारतात होय!”

त्यानंतर आपण दोघीच असलो की तुम्ही मला हौसा म्हणायचात. तुमच्या तोंडी ते 'हाउसा’ व्हायचं, पण माझंच होतं. आता तशी हाक मारणारं या जगात कोणी उरलं नाही. हे मला आत्ता, लिहिताना कळतंय.

आपलं भांडणही त्या पहिलीवरूनच झालं. भांडण कसलं, मी एक वाक्य बोलले. तुम्ही सांगत होतात की आमची माणसं गरीब, छळाला कंटाळून आलेली, कोणाच्या वाटेला न जाणारी. जंगल रिकामं होतं, तिथे एक झरा होता, झऱ्याकाठी ख्रिस्तियाननं पहिली झोपडी घातली. मी पोळ्या लाटत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "झरा होता ना? मग रिकामं कसं असेल?”

हॅनानं माझ्याकडे वळून पाहिलं. "आई, हे सांगू तिला?”

"नको गं बाई.”

पण जाई टेबलाखालून ओरडली, "आजी सेज कॅनॉट बी एम्प्टी ला! गॉट वॉटर, व्हॉट!”

तुम्ही उठून भांडी घासायला लागलात. घासलेली भांडीच पुन्हा घासलीत. मी रात्रभर मेल्याहून मेल्यासारखी पडून होते. पाहुणीला कोणी असं बोलतं?

सकाळी तुम्ही चहा घेऊन माझ्यासमोर बसलात आणि हॅनाला बोलावलंत. "त्यांना विचार, त्यांना हे कसं माहीत?”

मग मी धरणाचं सांगितलं. निखिलनंही त्यातलं पुष्कळ पहिल्यांदाच ऐकलं, तो ऑफिसची बॅग खांद्याला लावून दारातच उभा राहिला. आमचं गाव डोंगरातलं, धरणात गेलं. आम्हाला खाली सपाटीला जमीन दिली. तिथे शाळा नव्हती म्हणून मी शेरडांमागे लागले आणि माझी चौथी तिथेच संपली. पण ती जमीनही कुणाची तरी होती. सरकारनं त्यांच्याकडून काढून आम्हाला दिली होती. तिच्या बांधावर त्यांचा म्हसोबा होता, शेंदूर लावलेला दगड. वर्षातून एकदा ती माणसं आमच्या शेतात यायची, म्हसोबाला नारळ फोडायची आणि आमच्याकडे न बघता निघून जायची. माझी आई दर वर्षी तांब्याभर पाणी घेऊन बांधावर उभी राहायची. ती प्यायची नाहीत. एका वर्षी त्यांच्यातली म्हातारी थांबली, तांब्या घेतला, प्याली, आणि रिकामा तांब्या आईच्या हातात दिला.

"तुमची आई काय म्हणाली?”

"काही नाही.”

"आणि ती?”

"ती पण काही नाही. गेली.”

तुम्ही कप बाजूला सारलात. मग विचारलंत, "पुरे झालं का तेवढं?”

मी कप उचलून धुवायला नेले. तुम्ही परत गेलात. पण त्यानंतर तुमचं शोधणं बदललं. या खेपेला आलात तेव्हा पहिलीचं नाव अजून सापडलेलं नव्हतं, आणि तुम्हाला त्याचं फारसं वाटतही नव्हतं. तुम्ही झऱ्यावर जाऊन आला होतात. तो अजून वाहतो, एका चुलत भावाच्या कुरणात, गाई पितात. तिथे आधी वस्ती होती हे तुम्हाला तिथल्याच एका म्हाताऱ्या माणसानं सांगितलं. नांगरताना अजून त्यांच्या चुलींचे काळे दगड निघतात. ती माणसं गेली की घालवली, कोणी विचारलंच नाही. तुम्ही म्हणालात, "आम्ही एका बाईचं नाव शोधतोय. त्यांची तर कोणाचीच नावं आमच्या माणसांनी शोधली नाहीत.”

मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून माझ्या आईचा तांब्या पुन्हा काढला. तर तुम्ही चक्क रागावलात. "तुमच्या आईचं गाव पाण्याखाली गेलं होतं, हौसा. माझ्या माणसांचं त्या जागी काहीच गेलं नव्हतं, त्यांना मिळालंच होतं. मग तुमच्या आईचं पाणी आणि माझं पाणी सारखं कसं?”

तुम्ही बरोबर होतात. पण मला वाटत होतं, काहीतरी राहतंय यात. काय ते सुचत नव्हतं. म्हटलं, रविवारी पाय धुता धुता सुचेल. अजूनही सुचलेलं नाही. सुचलं तर आता सांगू कोणाला?

रविवारचं ठरलं ते असं. हॅना कामावर, जाई शाळेत. तुम्ही फोन टेबलावर ठेवलात आणि त्यात इंग्रजीत बोललात. फोनमधली बाई बातम्या दिल्यासारखी मराठीत म्हणाली, "पहिल्या स्त्रीबद्दल एक गोष्ट मी तुम्हाला सांगितलेली नाही.” मला हसूच फुटलं. तुम्हीही हसलात. मग हसू थांबलं.

पहिली आणि तिची बहीण बरोबर जहाजात बसल्या होत्या. पाय धुण्यात त्या दोघींची जोडी. बहीण तापानं वाटेतच गेली, तिला समुद्रात सोडलं. नव्या मुलखात पाय धुण्याचा दिवस आला की सगळ्या बायका जोडीनं बसायच्या आणि पहिली बूट घालून बाकावर बसून राहायची. दर वर्षी. तिची मुलगी मोठी होऊन पंथात आली, त्या दिवशी पहिलीनं बूट काढले. तेव्हापासून तुमच्या घरात आईची जोडी मुलीशी. आईकडून मुलीकडे एवढी एकच गोष्ट आलीय, नाव नाही. तुम्ही तुमच्या आईचे पाय तिच्या शेवटापर्यंत धुतलेत.

मी हॅनाचं नाव घेतलं. तुम्ही नाही अशी मान हलवलीत. फोनमधली बाई म्हणाली, "हॅना चर्च सोडून गेली. तो तिचा अधिकार आहे. हे मुलीकडे मागायचं नसतं. कृपया तिला सांगू नका.” मग तुम्ही फोन उलटा ठेवलात आणि स्वतःच म्हणालात, सावकाश, मला कळेल असं, "आय सिट विथ माय शूज ऑन. मेनी इयर्स.”

मग माझ्या पायांकडे बोट दाखवून, मग तुमच्या पायांकडे, तुम्ही नुसत्या भुवया उंचावल्यात.

मी हो म्हटलं. विहीणबाई, हो म्हणायला मला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ मी नवऱ्यालाही लावला नव्हता. एकच अट घातली, कोणी बघायला नको. रविवारी सकाळी निखिल-हॅना जाईला पोहायला नेतात, तेव्हा. तुम्ही बॅगेतून लांब पांढरा टॉवेल काढून दाखवलात, तुमच्या आईचा, पाय धुताना कमरेला बांधायचा. घरात परात नव्हती. असती तरी तुम्हाला परात नको होती, आणि मला तर नकोच होती.

त्या दुकानात केवढं हसलो आपण. तोआ पायोहच्या त्या गल्लीत बादल्या, झाडू, टब छतापर्यंत रचलेले. तुम्ही निळा टब जमिनीवर ठेवलात आणि मापाला त्यात चपलेसकट पाय ठेवलात. दुकानदारीण धावत आली, "अय्यो, आंटी! शूज कॅनॉट ला! यू बाय ऑर यू बाथ?” तुम्ही तिला सांगितलंत, "फॉर टू ग्रँडमदर्स.” ती म्हणाली, "टू ग्रँडमदर्स, टेक बिगर वन.” मग हा मोठा घेतला. गाडीत तो मांडीवर घेऊन मी बसणार होते, तुम्ही म्हणालात, आधी चहा.

आधी चहा.

हॅना रडलेली नाही. गुरुवारपासून ती फोनवर बोलते, सह्या करते, जाईला औषध देते. तुमच्या चर्चमधल्या माणसांनी काल फोनवरून गाणं म्हटलं, वाजंत्री नाही, नुसते आवाज, कोणी वरचा सूर धरलेला, कोणी खालचा. ती मांडी घालून ऐकत होती आणि तिचे डोळे कोरडे. तुमच्या अस्थी ती स्वतः घेऊन जाणार आहे. झऱ्यावरही जाईन म्हणाली. तुम्ही सांगू नका म्हटलंत, म्हणून मी ते जोडीचं पोटात ठेवलंय, पण ते पोटात राहत नाही. ती आत्ता येईल. आमच्यात निरोप देऊन आलं की पाय धुतल्याशिवाय घरात येत नाहीत. मी पाण्याची बादली आणि प्लॅस्टिकचा मग दाराबाहेर ठेवलाय, तुमच्या चपलेशेजारी.

काल इथवर लिहिलं आणि लिफ्टचा आवाज आला. पुढचं आज लिहितेय. सोमवार आहे.

निखिल आधी आला. त्यानं आपणच पायांवर पाणी घेतलं आणि आत जाऊन जाईच्या कपाळाला हात लावला. हॅना दाराशी उभी राहिली ती राहिलीच. बादलीकडे बघते, पण काय करायचं ते तिला कळेना. बूटही काढेना. बूट घालून ती तशी उभी होती आणि मला तुमची पहिली आठवली, बाकावरची.

मी आत गेले. टब आणला, तुमच्या आईचा टॉवेल आणला. स्टूल कॉरिडॉरमध्ये ठेवलं, बादलीतलं पाणी टबात ओतलं. समोरच्या चिनी आजींचं दार उघडं होतं, पलीकडची मलाय बाई झाडांना पाणी घालत होती. मला कोणी बघायला नको होतं ना? सगळे बघत होते.

"बस,” मी म्हटलं.

ती बसली. मी खाली बसून तिचे बूट काढले. निखिल दारात आला. "आई, अगं काय करतेस? तू कशाला तिचे...”

"तू आत जा. जाईजवळ बस.”

वन्सं असत्या तर चक्कर येऊन पडल्या असत्या. सासूनं सुनेचे पाय! मी टाच हातात घेतली, तुम्ही घेतली होतीत तशी. तळव्यावरून हात फिरवला. विहीणबाई, तिचे पाय तुमचेच आहेत, अंगठ्याशेजारचं बोट लांब. मी ते पाहिलं आणि मला वाटलं, तुम्हीच बसलात वर.

मी एक शब्दही सांगितला नाही. तुम्हाला दिलेला शब्द मोडला नाही. पण तिनं टबाकडे पाहिलं. बाजूच्या लेबलाकडे पाहिलं, ते आता पाण्यानं सुटत होतं. मग माझ्या खांद्यावरच्या टॉवेलाकडे. तो तिनं ओळखला. चर्च सोडण्याआधी कितीदा तिनं तो बांधला असेल. ती इंग्रजीत काहीतरी म्हणाली, हळूच, आणि मग तिला रडू फुटलं, गुरुवारपासूनचं. मलाय बाईनं नळ बंद केला. चिनी आजींनी आपलं दार अर्धं लोटून घेतलं.

मी तिचे पाय पुसले आणि उठायला लागले. गुडघे लवकर सरळ होत नाहीत. तेवढ्यात तिनं माझ्या खांद्यावरचा टॉवेल काढून घेतला, स्वतःच्या कमरेला बांधला, मागे गाठ मारली. गाठ मारायला तिला बघावं लागलं नाही.

"बसा, आई.”

मी बसले. तिनं माझी टाच धरली. माझे पाय सवयीनं मागे जायला निघाले, तिनं ते धरून ठेवले नाहीत, नुसती वाट पाहिली. मग धुऊन, पुसून ती उठली, माझ्या गालाला ओठ लावले आणि तुमच्यात पाय धुतल्यावर म्हणतात ते म्हणाली. शब्द मला कळले नाहीत. मी तिला विचारले नाहीत.

टबातलं पाणी मी कॉरिडॉरमधल्या कढीपत्त्याच्या कुंडीत ओतलं. तुमची चप्पल आत घेतली.

तुम्ही विचारलं होतंत, पुरे झालं का तेवढं. मला आजही माहीत नाही, विहीणबाई. पण या वेळी मी पाय मागे घेतले नाहीत.